मुक्काम ठरवून टाकले आहेत

बंगळूरु
१४ डिसेंबर २०२५

ती. आई आणि ती. बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय निघाला की बाबा "बघू, बघू" म्हणतात आणि आई लगेच चिनूच्या अभ्यासाची चौकशी सुरू करते, म्हणून शेवटी पत्रच लिहायला घेतले. रागावू नका, पण कोकणच्या प्रवासातले मुक्काम मी ठरवून टाकले आहेत आणि आगाऊ रकमाही भरल्या आहेत. २७ जानेवारीला, मंगळवारी, गुहागर, २८ला मालगुंड, ३० आणि ३१ला मालवण. १ फेब्रुवारीला कोल्हापुरात आत्याकडेच उतरायचे, कारण तिथे हॉटेलचे नाव काढले असते तर तिने माझ्याशी वर्षभर अबोला धरला असता. २९ची रात्र मात्र मुद्दाम मोकळी ठेवली आहे. ती का, ते पुढे लिहिते.

बाबा, तुमचे म्हणणे मला तोंडपाठ आहे. जिथे दिवस मावळेल तिथे मुक्काम करायचा, खोली डोळ्यांनी पाहिल्याखेरीज खिशातून पैसा काढायचा नाही आणि आवडलेल्या गावात एक दिवस जास्त राहण्याची मोकळीक ठेवायची. यातले काहीही चूक नाही. गादीचा कोपरा उचलून खालची फळी विजेरीच्या उजेडात पाहणे, उशीचा अभ्रा नाकाशी नेणे, नळ पूर्ण सोडून पाण्याला धार आहे की नाही ते बघणे आणि हे सगळे उरकेपर्यंत भाड्याबद्दल चकार शब्द न काढणे, ही तुमची परीक्षा मी आजही प्रत्येक लॉजमध्ये घेते. निपाणीच्या त्या मुक्कामानंतर आपण सगळेच ती शिकलो! पांढऱ्या फियाटच्या मागच्या सीटवर मी झोपी गेलेली असायची आणि जाग यायची ती तुमच्या खांद्यावर, कुठल्यातरी अनोळखी जिन्यात. मग आई होल्डॉलमधली आपली चादर लॉजच्या गादीवर अंथरायची आणि त्या चादरीला आपल्या कपाटाचा वास असल्यामुळे ती खोली मला परकी वाटायचीच नाही. तो आनंद हिरावून घ्यावा असे माझ्या मनात नाही.

पण तेव्हा गाडी तुम्ही चालवत होता, आईचे गुडघे शाबूत होते आणि कोकणात आजच्यासारखी झुंबड नव्हती. आता शुक्रवारी संध्याकाळी मुंबई-पुण्याहून निघालेल्या गाड्या रविवार दुपारपर्यंत किनाऱ्यावरच्या खोल्या अडवून बसतात, आणि दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुटीत तर आठवडाभर तीच गत असते. गेल्या दिवाळीत तुम्ही रात्री साडेनऊपर्यंत दारोदार खोली विचारत हिंडत होता, बाबांची जेवणाची वेळ टळली आणि त्यांना दरदरून घाम फुटला, हे मला मामीकडून कळले. तुम्ही लपवलेत असे मी म्हणत नाही. मला इथे बसून काळजी नको म्हणून सांगितले नसेल, हे समजते. पण ते कळल्यापासून मनाला स्वस्थता नाही, आणि चिनूच्या दहावीच्या पूर्वपरीक्षेमुळे मी या वेळीही बरोबर येऊ शकत नाही याची टोचणी वेगळीच. निदान रात्री तुम्ही कुठे टेकणार आहात एवढे तरी मला ठाऊक असू द्या.

तारखा मी कालनिर्णय समोर ठेवून काढल्या. ६ जानेवारीला अंगारकी आहे, त्या दिवशी गणपतीपुळ्याच्या आसपास खोली शोधणे म्हणजे नसती उठाठेव. १४ला संक्रांत, आणि आई सुगडाची पूजा सोडून घराबाहेर पडणार नाही. २२ला माघी गणेशजयंती, आणि २६ जानेवारी सोमवारी येत असल्यामुळे त्याच्या आधीचे शनिवार-रविवारही गेले. पुढे १५ फेब्रुवारीला महाशिवरात्र आहे. त्या सुमारास कुणकेश्वराची यात्रा भरते आणि गुहागरच्या आपल्या व्याडेश्वरालाही गर्दी असते. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख तर दरवर्षी देवीचा कौल घेऊन ठरते आणि ती जाहीर झाली की मालवणच्या खोल्या हातोहात जातात. या सगळ्यांच्या मधला हा आठवडा उरला. मालवणचे दोन दिवस तेवढे शुक्रवार-शनिवारचे आले, म्हणून तिथली खोली सर्वांत आधी पक्की केली.

गुहागरला देवस्थानाच्या भक्तनिवासात उतरावे अशी आईची इच्छा आहे, याची मला कल्पना आहे. पण मला आईसाठी तळमजला आणि कमोड दोन्ही खात्रीने हवे होते, म्हणून बाजारपेठेपासून जवळच "राहण्याची व जेवणाची घरगुती सोय" अशी पाटी असलेले एक घर ठरवले. चिरेबंदी घर आहे, मागे पोफळीची वाडी आहे. त्या काकूंशी मी दोनदा सविस्तर बोलले. ओसरीला तीन पायऱ्या आहेत आणि त्यांना हाताला धरायला कठडा आहे, असे त्या म्हणाल्या. तेवढ्यावर न थांबता मी त्यांच्या मुलाकडून त्या पायऱ्यांचा फोटोही मागवून घेतला. खोलीला लागूनच न्हाणीघर आहे. पाणी सौरबंबाचे आहे, पण बाबा पहाटे पाचला आंघोळीला उठतात हे सांगितल्यावर, "त्यात काय, मागीलदारी तांब्याचा बंब आहे, तो पेटवून देईन," असे त्यांनी आपणहून सांगितले. वीज गेली तर पंखा आणि एक दिवा इन्व्हर्टरवर चालतो. डासांसाठी मच्छरदाणी आहे. रात्रीचे जेवण साडेसातला मिळेल; भाताऐवजी तांदळाची भाकरी, डाळिंब्यांची उसळ आणि सोलकढी असा बेत मी सुचवून ठेवला आहे. मोदक करू का, असे त्यांनी विचारले होते. एकच करा, असे मी सांगितले आहे, आणि तो आईसाठी आहे.

दुसऱ्या दिवशी तवसाळ ते जयगड फेरीबोटीने गाडीसकट खाडी ओलांडा, म्हणजे मोठा वळसा वाचेल. मुक्काम गणपतीपुळ्यात न ठेवता मालगुंडला ठेवला, कारण देऊळ तिथून अगदी जवळ आहे आणि देवळाभोवतीच्या दुकानांचा व गाड्यांचा गलबला तिथे नाही. खोली साधी आहे, स्वच्छ आहे. मालवणला मात्र घरगुती सोय न पाहता गावातच लिफ्ट असलेले हॉटेल घेतले. तारकर्लीला समुद्र दाराशी असतो हे खरे, पण दवाखाना आणि औषधाचे दुकान पायी जाण्याच्या अंतरावर असावे, हे माझ्या मनाने घेतले आहे. बाबा, तिथले बिल तुम्ही तपासालच. साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी २२ सप्टेंबरपासून १२ टक्क्यांऐवजी ५ टक्के झाला आहे, तेवढे पाहून घ्या.

सरकारी विश्रामगृहाचा विचार मी केला नाही असे समजू नका. तुमच्या खात्याचे नाव सांगून अर्ज करता आला असता, पण तिथे सेवेतल्या अधिकाऱ्यांचा हक्क आधी, आणि मंत्र्यांचा दौरा लागला की निवृत्तांचे आरक्षण कागदावरच राहते. भर पावसात होल्डॉल पुन्हा गाडीच्या टपावर बांधणारे तुम्ही मला अजून दिसता. तुम्ही तेव्हा हसत होता, म्हणून आम्हीही हसलो होतो.

आता २९ तारखेची मोकळी रात्र. ही बाबांची. त्या दिवशी गुरुवार आहे, सुटी नाही, उत्सव नाही, त्यामुळे आयत्या वेळी खोली मिळायला अडचण येऊ नये, आणि मधल्या वारी आलेल्या गिऱ्हाइकासाठी मालक भाव थोडा उतरवतातही. सकाळी मालगुंडहून निघून दुपारी पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या मठात खिचडीचा प्रसाद घ्या. मग तिथेच भक्तनिवासात राहायचे, रत्नागिरीला मागे फिरायचे की देवगडपर्यंत जायचे, हे तुम्ही दोघांनी मिळून ठरवा. पण निर्णय पावसलाच झाला पाहिजे. पुढे किनाऱ्याच्या रस्त्याने जैतापूर ओलांडले की देवगड येईपर्यंत राहण्याच्या जागा तुरळक आहेत, आणि त्या दिवसांत साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. दुपारी चारनंतर "अजून एक गाव पुढे जाऊ" हे चालणार नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून समोरच्या दिव्यांचा तुम्हाला त्रास होतो, तेव्हा अंधारात ड्रायव्हर सदाशिवला बाजूला बसवून चाक हाती घेण्याचा मोह तर अजिबात नको.

सदाशिवच्या झोपण्याचेही विचारून घेतले आहे. गुहागरला त्याला पडवीतली खोली आहे, मालगुंड आणि मालवणला चालकांसाठी वेगळी सोय आहे. २९ला जिथे उतराल तिथे आधी त्याच्या अंथरुणाचे विचारा, मग आपल्या खोलीचे. तो गाडीत झोपतो म्हणाला तरी ऐकू नका. रात्रभर अवघडलेला माणूस सकाळी घाटात तुम्हाला चालवून नेणार आहे.

आणखी काही गोष्टी, आणि यावर वाद घालू नका. दोघांची मूळ आधारपत्रे जवळ असू द्या, पण वहीत नोंदीसाठी झेरॉक्स मागितली तर ज्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात तीच प्रत द्यायची. मी तशा प्रती कुरियरने पाठवल्या आहेत. तिन्ही ठिकाणची निम्मी रक्कम पोहोचली आहे, उरलेली खोलीत पाऊल ठेवल्यावरच द्यायची. मधल्या काळात "बुकिंग रद्द होईल, ताबडतोब पैसे पाठवा" असा फोन कुणाचाही आला, अगदी हॉटेलचे नाव घेऊन आला, तरी फोन ठेवून मला कळवायचे. देवस्थानांच्या भक्तनिवासांच्या नावाने नकली संकेतस्थळे काढून भाविकांना लुबाडतात, तेव्हा पावसलाही मोबाईलवरून आरक्षण करत बसू नका. कार्यालयात जाऊन खोली मागा आणि पावती घ्या. खोली दुपारी बारानंतर मिळते आणि सकाळी दहाला सोडावी लागते, तेव्हा पहाटे चारला निघून आठ वाजता दारात उभे राहण्यात काही मतलब नाही. सकाळी सहाला निघा, पाटणला नाश्ता करा, कुंभार्ली घाट उन्हे चढायच्या आत उतरेल आणि जेवणाच्या वेळेला गुहागर येईल.

आई, तू आपली चादर बरोबर नेशीलच, नेऊ नको असे मी म्हणणार नाही. दोन अभ्रे आणि गुडघ्याखाली घ्यायची छोटी उशीही घे. बाबांच्या गोळ्यांचा डबा मात्र बॅगेत नको, तुझ्या पर्समध्येच ठेव. बॅग गाडीच्या डिकीत जाते आणि नेमकी हवी तेव्हा सापडत नाही.

आणि हे सगळे वाचूनही तुम्हाला यातले एखादे ठिकाण नकोच असेल, तर मनात कुढू नका. गुहागर आणि मालगुंडचे पैसे आठ दिवस आधी कळवले तर परत मिळतात, मालवणला १५ दिवस आधी कळवावे लागते. म्हणून १२ जानेवारीपर्यंत काय ते सांगा. तोवर बाबांनी पावसच्या पुढच्या मुक्कामाचा नकाशा काढून ठेवावा, आणि आई, तू गुहागरच्या काकूंना एकदा स्वतः फोन कर. नंबर सोबतच्या कागदावर आहे. दुपारी दोन ते चार त्या झोपतात, ती वेळ सोडून कर.

तुमची,
मंजू