कोपीवरच्या पोरांची हजेरी कोण लावणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गळीत हंगाम जवळ आला की पहिली उचल किती, उतारा किती, गाळप किती, हे आकडे तुमच्या अंकात रोज वाचायला मिळतात. ऊसतोड मजुरांच्या टोळ्यांबरोबर सहा वर्षांच्या आतली पोरं किती आली, हा आकडा मात्र मी आजवर कुठंच वाचला नाही.

कृष्णाकाठच्या एका गावात मी 26 वर्षं अंगणवाडी सेविका होते. दिवाळीच्या सुमाराला बीड, जालन्याकडच्या टोळ्या गावाबाहेरच्या माळावर उतरतात, कोपी, म्हणजे त्यांच्या झोपड्या, उभ्या राहतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. टोळी आणणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, दोघांच्या कामावर घेतलेली, त्यामुळं ओली बाळंतीण असली तरी बाई मागं राहू शकत नाही. पहाटे तीन-चारला तोडीचा उसाचा फड गाठायचा. तान्हं बांधावर साडीच्या झोळीत आणि झोळीची दोरी आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या हातात.

एका हंगामात मी वजनकाटा घेऊन कोपीवर गेले. दोन वर्षांची मुलगी सात किलोसुद्धा भरेना. तिच्या गावच्या अंगणवाडीत तिचं नाव होतं, टीएचआरची, म्हणजे घरी न्यायच्या आहाराची, पाकिटंही निघत होती. ती आजी घ्यायची, आणि पोर इथं तीनशे किलोमीटरवर. मी वरती विचारलं. उत्तर आलं, ‘बाई, ही पोरं आपल्या लोकसंख्येत बसत नाहीत.’ तिला रोज खिचडी दिली. रजिस्टरला ती कशी बसवली, ते आता विचारू नका.

तेव्हा निदान कागदाची अडचण तरी खरी होती. आज तीही सांगता येत नाही. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीतून आहार मिळणं हा 2013च्या अन्नसुरक्षा कायद्यानं दिलेला हक्क आहे. पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या सरकारी मोबाईल अ‍ॅपवर स्थलांतरित मुलाची नोंद दुसऱ्या अंगणवाडीत घेता येते. पण सेविकेकडं ते मूल आलंच नाही, तर ती मोबाईलवर काय दाबणार? आणि ते येणार कसं? आई पहाटे तीनला बाहेर पडते, अंगणवाडी उघडते दहाला.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, की कोपीजवळ हंगामापुरतं पाळणाघर हवं, आणि ते फडाच्या वेळेनं चालायला हवं. अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवायची ‘पाळणा’ योजना केंद्र सरकारचीच आहे. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं महामंडळ आहे, वसतिगृहं निघाली आहेत. चांगलं झालं, पण वसतिगृह शाळेच्या पोरांसाठी. अंगावर पिणारं मूल आईबरोबर फडातच येणार, आणि त्याला सांभाळायला बहिणीची शाळा सुटणार. धाकट्याची सोय झाली नाही तर थोरलीचं वसतिगृहातलं नाव कागदावरच राहतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

यात अशक्य असं काही नाही. दिल्लीत 1969 साली मीरा महादेवन यांनी बांधकामाच्या जागेवरच मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघर सुरू केलं, त्यातून ‘मोबाईल क्रेशेस’ उभी राहिली. आपल्याकडं तर त्याही आधी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत मुलांच्या अंगणात बालवाडी नेली, आणि कोसबाडला गुरं राखणारी पोरं शाळेत येईनात तेव्हा शाळाच कुरणात भरवली. अंगणवाडी हा शब्द रोज वापरणाऱ्या आम्हा बायकांना प्रशिक्षणात ही कुरणशाळा कुणी फारशी सांगितली नाही.

राहिला प्रश्न पोरं मोजायची कोणी. साखर कारखान्याचा चिटबॉय, म्हणजे फडावरचा नोंदी ठेवणारा माणूस, प्रत्येक टोळीची, प्रत्येक गाडीची नोंद ठेवतो. बैलसुद्धा मोजलेले असतात. त्याच वहीत मुलांचा एक रकाना वाढवावा, आणि टोळी उतरल्यापासून आठ दिवसांत ती यादी गावच्या सेविकेकडं आणि आशाताईकडं पोचावी. लसीची राहिलेली पोरंही त्यातूनच सापडतील. फक्त यादीबरोबर पाळणाघरासाठी वेगळी बाई आणि तिचं वेगळं मानधन द्या. सेविकेच्या डोक्यावर आणखी एक रजिस्टर ठेवून हे जमणार नाही.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका, जि. सांगली