बोंडलं परत आणलं

चि. सुमीत,

अनेक आशीर्वाद.

फोनवर हे बोलता आलं असतं, पण अनघा जवळच असते. रविवारी बोरिवलीला आले तेव्हा बाळ रडत होतं आणि मी बोलून गेले, "दूध पुरत नाही वाटतं गं याला." ती काही बोलली नाही. गाऊनची बटणं लावली, बाळ माझ्या मांडीवर दिलं आणि आत गेली. बराच वेळ बेसिनचा नळ चालू होता. लालबागला घरी पोचेपर्यंत तो आवाज माझ्या कानातून गेला नाही.

हेच वाक्य मी १९९२ साली ऐकलं होतं. तू झालास तेव्हा पहिला पिवळा चीक "बाळाला बाधतो" म्हणून पिळून टाकायला लावला. तीन दिवस तुला मध आणि साखरपाणी. मे महिना, दहा बाय बाराची खोली, "पोराचा घसा सुकेल" म्हणून वर बोंडल्याने पाणी. पाण्याने पोट भरलं की बाळ कमी ओढतं, आणि बाळाने कमी ओढलं की दूध आटतं. सगळ्यांना वाटलं, हिलाच दूध नाही. मलाही तेच वाटलं. चौथ्या महिन्यात तू डब्याच्या दुधावर गेलास.

आजीने सगळं मायेनेच केलं रे. पण त्या चिकातच बाळाला रोगांपासून जपणारं बळ असतं. आईच्या दुधात ८७-८८ टक्के पाणीच असतं, म्हणून मुंबईच्या उकाड्यातही सहा महिने वेगळं पाणी लागत नाही. मध तर वर्षाच्या आत द्यायचाच नाही, त्याने विषबाधा होऊ शकते. आपल्यापासून जवळच, सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ सालीच मातृदुग्धपेढी सुरू केली होती. वेळेआधी जन्मलेल्या बाळांसाठी दुसऱ्या आयांचं दूध तिथे जपून ठेवत होते, आणि मी माझा चीक मोरीत ओतला.

आता तुझं काम. दिवसाला सहाच्या वर लंगोट ओले होत असतील, वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय. तसं नसेल तर डॉक्टरांकडे जा, शेजारी विचारू नका. संध्याकाळी बाळ सारखं सारखं पितं, त्याचा अर्थ दूध कमी आहे असा नाही. तसं ओढूनच ते दूध वाढवून घेतं. समोरच्या काकू सहाण घेऊन येतील, वेखंड आणि मुरुडशेंग उगाळायला. त्यांना तू नाही म्हण. अनघाला म्हणायला लावू नकोस, सुनेचं 'नाही' लोक वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. डॉक्टरांनी लिहून दिलेले थेंब तेवढे द्या. रात्री ती पाजायला उठली की तूही ऊठ, पाण्याचा तांब्या हाताशी ठेव.

रविवारी तुझं चांदीचं बोंडलं घासून पिशवीत घालून आणलं होतं. ते न काढताच परत घेऊन आले.

येत्या रविवारी अळिवाची खीर घेऊन येते. अनघाशी मीच बोलेन, तू आधी काही सांगू नकोस.

तुझी,
आई