तबकडी मोडीत काढण्यापूर्वी गेन तपासा

महोदय,

मराठवाड्यातल्या घराघरांत जपलेल्या नाट्यगीतांच्या, भावगीतांच्या, अभंगांच्या तबकड्या नव्या टर्नटेबलवर पुन्हा लागू लागल्या आहेत, ही फार आनंदाची गोष्ट. पण टाळांचा नाद चरचरला, ‘स’ आणि ‘श’ फाटले, की रेकॉर्ड घासली म्हणून ती भंगारात जाते. पुष्कळदा रेकॉर्ड निर्दोष असते. सुई बसवलेल्या कार्ट्रिजचा क्षीण संकेत वाढवणाऱ्या फोनो प्रीअँपचा गेन, म्हणजे वाढवण्याचे प्रमाण, त्या कार्ट्रिजला जुळवलेला नसतो. ते काम घरच्या घरी, बिनखर्चात होते.

कार्ट्रिजच्या माहितीपत्रकात आउटपुट मिलिव्होल्टमध्ये दिलेले असते. मूव्हिंग मॅग्नेट, म्हणजे एमएम प्रकारात ते साधारण ३ ते ६ आणि कमी आउटपुटच्या मूव्हिंग कॉइलमध्ये, म्हणजे एमसीत ०.२ ते ०.५ असते. हा आकडा सुईच्या कंपनाच्या सेकंदाला ५ सेंटिमीटर वेगाचा आहे ना, तेही पाहावे, ३.५४ चा असल्यास १.४१ ने गुणावे. ४० डेसिबल गेन म्हणजे १०० पट, ६० म्हणजे १००० पट, आणि दर ६ डेसिबलला आउटपुट दुप्पट. कार्ट्रिजचे आउटपुट आणि गेनची पट यांचा गुणाकार ०.३ ते ०.५ व्होल्टच्या आसपास आला की जमले.

ऑर्टोफोन २एम रेड ५.५ मिलिव्होल्ट देते. ४० डेसिबलला त्याचे ०.५५ व्होल्ट होतात, ते योग्यच. गेनचा खटका चुकून ६० वर राहिला तर ५.५ व्होल्ट, आणि गाण्यातल्या जोरकस जागी त्याच्या चौपट, २२ व्होल्ट लागतील. १५ व्होल्टच्या पुरवठ्यावर चालणारा प्रीअँप ते कुठून देणार? लहरींचे माथे छाटले जातात आणि टाळ चरचरतात. अशा वेळी अँप्लिफायरचा आवाज कमी केला तरी चरचर जात नाही, हीच तिची खूण. उलट डेनॉन डीएल-१०३ चे ०.३ मिलिव्होल्ट ४० डेसिबलला जेमतेम ०.०३ व्होल्ट होतात. मग व्हॉल्यूम शेवटपर्यंत फिरवावा लागतो आणि गाण्याबरोबर सर्किटची सूंसूंही वर येते. त्याला ६० हवेत.

अनेक जण सीडी प्लेअरशी बरोबरी साधायला गेन वाढवत जातात. तसे करू नये. सीडी प्लेअर सुमारे २ व्होल्ट देतो. फोनो त्याहून हळू वाजणारच. तो फरक व्हॉल्यूमने भरावा.

पुष्कळ प्रीअँपमध्ये खटके तळाशी, डाव्या-उजव्या बाजूंचे वेगळे असतात. यंत्र बंद करून दोन्ही सारखे लावावेत, नाहीतर गायक एका स्पीकरकडे सरकतो. लोड, म्हणजे प्रीअँपचा कार्ट्रिजवर येणारा रोध, एमएमला ४७ किलोओहम ठेवावा. एमसीला कॉइलच्या रोधाच्या दहापट हा चांगला आरंभ. फार कमी ठेवल्यास आउटपुटच घटते. ४० ओहमच्या कॉइलला १०० ओहम दिले तर सुमारे ३ डेसिबल तिथेच जातात. बाहेरचा प्रीअँप अँप्लिफायरच्या फोनो सॉकेटला कधीही जोडू नये, ऑक्सला, म्हणजे साध्या इनपुटला जोडावा. जुन्या सिरॅमिक कार्ट्रिजला तर फोनो इनपुट चालतच नाही.

घरघरीचे कारण मात्र वेगळे. सुई उचलून नेहमीच्या व्हॉल्यूमला ऐका: घरघर तशीच राहिली तर रेकॉर्डचा संबंध नाही. टर्नटेबलची बारीक अर्थ वायर प्रीअँपच्या स्क्रूला घट्ट आहे का, ते आधी पाहा. मग घरातले अर्थिंग. आपल्याकडची काळी जमीन उन्हाळ्यात सुकून भेगाळते, अर्थिंगचा रोध वाढतो. खड्ड्यात पाणी घालत राहावे. गेन कमी केल्याने घरघर दबल्यासारखी वाटते, पण गाणेही तितकेच दबते.

छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूरच्या विक्रेत्यांना विनंती आहे की कार्ट्रिजचे मिलिव्होल्ट आणि त्याला लागणारे डेसिबल बिलावरच लिहून द्यावेत.

– ध्वनियंत्रांची दुरुस्ती करणारे काही वाचक, परभणी