चैत्याचे नाते चितेशी, चैतन्याशी नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या अंकात शब्दांच्या सदरात ‘चैत्य म्हणजे चैतन्याची जागा’ असे छापून आले आहे. कानाला गोड वाटते, पण चूक आहे. चैतन्य हा ‘चित्’ म्हणजे जाणणे या धातूच्या घरातला शब्द. चैत्य आला तो ‘चि’ धातूवरून, अर्थ रचणे, थरावर थर चढवणे. चिता त्याच धातूची. संस्कृतात चितेला ‘चित्या’ असाही शब्द आहे आणि त्या चित्येचे ते चैत्य. म्हणजे मुळात राखेवर, अस्थींवर रचलेला उंचवटा.

हे सारे पोथीतले वाटेल, पण आपल्या दारातलेच आहे. वडील गेले तेव्हा तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नदीवर गेलो. गुरुजी ‘अस्थिसंचय’ म्हणत होते, चुलते ‘सावडायचं’ म्हणत होते. पाणी शिंपडलेल्या राखेत बोटे घालून मी हाडे वेचली, दूध शिंपडले, गाडग्यात भरली. त्या ‘संचया’तही हाच ‘चि’ आहे. आमचे गाडगे दोन दिवसांनी पाण्यात गेले. बुद्धाच्या अस्थींचे मात्र आठ वाटे झाले आणि वाटे नेणाऱ्यांनी त्यांवर स्तूप उभारले, असे पाली ग्रंथ सांगतात.

पुढे शब्द पसरला. पूज्य झाड चैत्यवृक्ष झाले, जैनांचे देऊळ चैत्यालय झाले, रामायणात हनुमान अशोकवनातला चैत्यप्रासाद उद्ध्वस्त करतो. पण सगळ्यांत मोठी गफलत आपण लेण्यांत करतो. चैत्य म्हणजे आतला स्तूप, लेणे नव्हे. जुन्नरच्या ब्राह्मी लेखांत दानाचा उल्लेख येतो तो ‘चेतियघर’ असा, म्हणजे चैत्याचे घर. आपण घरालाच घरधन्याचे नाव देऊन मोकळे झालो.

मी तळेगावचा, त्यामुळे कार्ल्याला पुष्कळदा जाणे होते. एकवीरेच्या दर्शनाची रांग सोडून आत शिरले की खांबांच्या दोन ओळींच्या टोकाला कातळातच कोरलेला स्तूप दिसतो. त्याच्या डोक्यावर लाकडी छत्र आहे, दोन हजार वर्षांचे, काळे पडलेले. मेलेल्या माणसाच्या स्मारकावर छत्री धरायची, हा राजाचा मान. पुण्यात वानवडीला महादजी शिंद्यांचे स्मारक आहे, त्या ‘शिंदे छत्री’ला छत्री का म्हणतात, हे विचारणाऱ्या माझ्या नातीला मी आधी कार्ल्याला नेले.

जुन्या मराठी पुस्तकांत या स्तूपाला ‘दागोबा’ म्हटलेले आढळते. खंडोबा, विठोबा यांच्या पंगतीतला वाटावा असा! पण हा ‘बा’ आपला नाही. ‘धातुगर्भ’ हा शब्द पालीतून सिंहलीत जाऊन दागोबा होऊन परत आला. धातू म्हणजे इथे अस्थी, त्या ज्याच्या गर्भात आहेत तो.

आता दादरकडे येतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर ७ डिसेंबर १९५६ रोजी अंत्यसंस्कार झाले ते दादरच्या समुद्रकिनारी. जिथे चिता रचली तिथेच पुढे स्तूपाच्या घाटाची वास्तू झाली, आत अस्थी आहेत, आणि नाव ठेवले चैत्यभूमी. इतके अचूक नाव आपल्या शहरांत क्वचित सापडेल. त्या नावाची ‘चैतन्यभूमी’ अशी उकल मी भाषणांत ऐकली आहे. ती भक्तिभावाने होते हे मान्य, पण तिने चितेची राख पुसली जाते.

म्हणून विनंती, सदरात दुरुस्ती सहा डिसेंबरच्या आधी छापावी.

आपला,
एक वाचक, तळेगाव दाभाडे