मनाईच्या कागदाने पाणी अडत नाही

मा. पर्यटनमंत्री, मध्य प्रदेश शासन यांस,
सा. न. वि. वि.

पत्र मराठीत लिहितेय. आपल्या कचेरीत इंदूरचा एखादा मराठी माणूस निघेलच, तो वाचून दाखवील.

चोरल नदीच्या खोऱ्यात आमचं सहा खोल्यांचं लॉज आहे. सासऱ्यांनी बांधलेलं. नवरा पाहुण्यांना कडे उतरवतो, स्वयंपाकघर सासूबाईंचं, हिशेब आणि दोर माझ्याकडे. रोज सकाळी रॅपलिंगचा दोर मी टोकापासून टोकापर्यंत बोटांतून ओढून बघते. कुठे मऊ लागला, आतला गाभा दबल्यासारखा वाटला, की तिथेच कापायचा. तुकडे गावात गुरं बांधायला जातात. "गुरांचे लाड बघा!" सासूबाई दरवेळी म्हणतात.

आमचा धंदा पावसाळ्याचा. मे महिन्यात सागाला पान नसतं, नदीत पाणी नसतं, मग कोण येणार? वर्षाची दोन तृतीयांश कमाई जुलै ते सप्टेंबरची. आणि नेमका तेव्हाच धबधब्यांवर जायला मनाईचा आदेश निघतो. गेल्या वर्षी निघाला तो शुक्रवारी दुपारी. पुण्याचा बारा जणांचा ग्रुप वाटेत होता, तो माघारी गेला. वीस लिटर दुधाचं शेवटी श्रीखंड केलं.

आदेश का निघतो हे मला ठाऊक आहे. जुलै 2011 मध्ये इंदूरजवळच्या पातालपाणी धबधब्यात एकाच कुटुंबातली माणसं बघता बघता वाहून गेली, तो व्हिडिओ इंदुरात कोणी विसरलेलं नाही. पण तिथे नेमकं काय होतं, ते बघा. पाऊस पडतो वर, माळव्याच्या पठारावर. धबधब्यापाशी ऊन असतं, लोक खडकावर बसून भुट्टे खात असतात. वरचं पाणी खाली यायला थोडा वेळ लागतो, आणि तेवढाच वेळ आपल्या हातात असतो. आमचा वाटाड्या भिल्ल आहे. पाण्यात काडीकचरा आणि ओली पानं दिसली, रंग मातकट झाला, की तो कोणाला विचारत बसत नाही. सगळ्यांना वर घेतो. पाहुणे कुरकुरतात, फोटो राहिले म्हणून. राहू देत.

मनाई झाली की हा माणूस घरी बसतो. मोटारसायकलवरची पोरं मात्र मागच्या सागवनातून, पायवाटेने, बाटल्या घेऊन उतरतातच. त्यांना रंग बदललेला कळत नाही. म्हणजे जाणता तेवढा हटला, अजाण तिथेच.

दुसरीकडे पातालपाणी–कालाकुंड हेरिटेज रेल्वेगाडी 2018 मध्ये सुरू झाली. खिडकीतून दरी दाखवायला सरकार राजी आहे, मग माहीतगार माणसाबरोबर चालायला का नसावं?

मागणी फार मोठी नाही. वरच्या गावांत पर्जन्यमापक बसवा, ठरलेल्या पातळीनंतर खाली भोंगा वाजू द्या. गावातल्या पोरांना दोराचं आणि प्रथमोपचाराचं शिक्षण देऊन ओळखपत्रं द्या, आणि त्यांच्याशिवाय कोणालाही खाली सोडू नका. भोंगा वाजेल त्या दिवशी आम्ही स्वतः फाटक बंद करू.

भोंग्याला जागा हवी असेल तर आमची गच्ची उंचावर आहे. खांब आम्ही उभा करतो, विजेचं बिलही आमच्याकडे लागलं.

आपली,
चोरलकाठची एक लॉजवाली, इंदूर