चौथ्या तारेच्या खुंटीची खरखर आणि तीन चुकलेल्या दुरुस्त्या

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय: क्लासिकल गिटारच्या सदोष खुंट्या बदलून मिळण्याबाबत व विनाकारण केलेल्या कामाचे पैसे परत मिळण्याबाबत

संदर्भ: सेवा केंद्राच्या तीन पावत्या (प्रती सोबत)

महोदय/महोदया,

आपल्या कंपनीची क्लासिकल गिटार मी घेतली त्याला सात महिने झाले. लाकूड, बांधणी, आवाज यांबद्दल माझे काहीच म्हणणे नाही. तक्रार चौथ्या तारेच्या खुंटीची आहे. आणि त्याहून मोठी तक्रार अशी की, ती खुंटी सोडून आपल्या सेवा केंद्राने बाकी सगळ्या गिटारला हात लावून पाहिला.

पाचवी तार मोकळी छेडली की स्वरामागे पत्र्याची बारीक खरखर ऐकू येते, डबीत टाचणी हलावी तशी. सहावी तार पाचव्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या कांबीवर) दाबून वाजवली तरी तीच खरखर. दोन्ही ठिकाणी स्वर एकच निघतो, ११० हर्ट्झचा ए. आजूबाजूचे स्वर मात्र स्वच्छ आहेत. पहिल्या भेटीतच मी हे वाजवून दाखवले होते. त्यावर आपल्या तंत्रज्ञांनी सांगितले, "फ्रेटला तार लागतेय, नवीन गिटारला थोडी जवारी (तारेची झणझण) असतेच." जवारी तंबोऱ्याला मुद्दाम काढतात, गिटारला कोणी मागत नाही, हा विनोद मी तेव्हा गिळला.

तार फ्रेटला लागत असती, तर खरखर त्या तारेच्या त्या जागेपुरती राहिली असती. इथे तार वेगळी, जागा वेगळी, स्वर तेवढा सारखा. म्हणजे गिटारवरचा एखादा सैल तुकडा त्या एका कंपनसंख्येला थरथरतो आहे, हे उघड आहे. तरीही फ्रेट घासून समतल केले गेले आणि घोडीवर उंच सॅडल, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, बसवले गेले. बाराव्या फ्रेटपाशी सहावी तार आधी ४ मिमी उंच होती, ती आता ५ मिमी आहे. पहिली ३ ची ४ झाली. एकाच बोटाने आडव्या सगळ्या तारा दाबायचा बार कॉर्ड धरताना तर्जनी दुखून येते. खरखर तशीच राहिली आणि या कामाचे पैसे मात्र घेतले गेले, कारण "फ्रेटचे काम वॉरंटीत बसत नाही".

दुसऱ्या खेपेला निदान खुंट्यांपर्यंत पोचलो. पण तिथे काय केले, तर सगळ्या दातेरी चाकांवर तेल सोडले. थेंबभर पुरते तिथे इतके, की ते खुंट्या बसवलेल्या पट्टीखालच्या लाकडात उतरले. आठवडाभर आवाज दबला, मग तेलाला धूळ चिकटून चाके काळी पडली आणि खरखर परतली.

त्यानंतर मी स्वतः शोध घेतला. घोडीपाशी आणि रोलरपाशी (माथ्यावर तार गुंडाळली जाते त्या दांडीपाशी) तारांची लांब राहिलेली टोके कापली, कारण अशी टोके लाकडाला टेकली की हुबेहूब असाच आवाज करतात. फरक पडला नाही. मग पाचवी तार अर्ध्या स्वराने उतरवली. मोकळी तार स्वच्छ वाजली, पण पहिल्या फ्रेटवर दाबून तोच ए काढला की खरखर हजर. शेवटी मैत्रिणीला तार छेडायला सांगून मी एकेका खुंटीवर बोट दाबत गेले. सहावी, पाचवी, काही नाही. माथ्याच्या टोकाकडच्या चौथ्या खुंटीवर बोट ठेवताच आवाज बंद, उचलताच सुरू. या तपासणीला दोन मिनिटेही लागत नाहीत आणि हत्यार तर लागतच नाही.

त्या खुंटीचे पिळायचे बटण दांड्यावर खुळखुळते, आणि दातेरी चाक रोलरला धरून ठेवणारा मधला स्क्रू सैल आहे. तार पूर्ण उतरवून मी तो पाव फेरा आवळला, हे लपवत नाही. चार दिवस सुख लाभले. नंतर स्क्रू पुन्हा फिरला, कारण त्याचे आटेच झिजले आहेत. त्याहून जास्त आवळला तर खुंटी जड होते आणि तार लावताना झटक्याने पुढे सरकते. म्हणजे हा सुटा भाग आवळून सुधारणारा नाही, तो बदलायलाच हवा. तीन खुंट्या एकाच पट्टीवर असल्याने दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांची पूर्ण जोडी बदलणेच शहाणपणाचे.

हे मी लेखी कळवल्यावर आपण नवीन जोडी पाठवलीत, त्याबद्दल आभार मानणार होते. पण ती ३९ मिमी अंतराची निघाली. माझ्या गिटारवर दोन रोलरच्या मध्यांतले अंतर ३५ मिमी आहे. तीन रोलरमध्ये टोकापासून टोकापर्यंत ८ मिमीचा फरक पडतो. एक रोलर भोकात बसवला की उरलेले दोन लाकडावर आपटतात. यावर सेवा केंद्राने सुचवलेला उपाय म्हणजे माथ्याला नवी भोके पाडणे! पट्टी चुकीची आली म्हणून गिटार कापायची, याला मी साफ नकार दिला आहे. आपल्याच कारखान्यात बनलेल्या गिटारचे माप आपल्याकडे नसावे, याचे नवल वाटते.

तेव्हा ३५ मिमी अंतराची, १० मिमी जाडीच्या रोलरची जोडी आपल्या खर्चाने बसवून द्यावी. तारांची उंची पूर्ववत करावी. मूळ सॅडल मला परत दिलेले नाही, ते शोधावे किंवा तसेच नवीन द्यावे. घासलेले फ्रेट आता भरून येणार नाहीत, पण त्यांच्या कडा नीट गोलसर केल्या आहेत का, हे जाणत्या कारागिराकडून तपासून घ्यावे आणि त्या कामाचे घेतलेले पैसे परत करावेत. पंधरा दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. ते न आल्यास मला ग्राहक आयोगाकडे जावे लागेल.

आपली,
एक ग्राहक

सोबत: बिल, वॉरंटी कार्ड, तीन पावत्या, खुंटीचे फोटो, मोजपट्टी ठेवून काढलेला माथ्याचा फोटो

ता. क. गिटार मी स्वतः घेऊन येईन आणि तारा सुरात लावलेल्याच ठेवीन. कोणतेही हत्यार हातात घेण्याआधी आपल्या माणसाने पाचवी तार छेडावी आणि चौथ्या खुंटीवर बोट ठेवून पाहावे, एवढी विनंती.