पोफळीतली कोळीण

देवरुख,
सर्वपित्री अमावास्या

प्रिय मंद्या,

उद्या घट बसायचे, म्हणून काल दिवसभर बांबूला केरसुणी बांधून आढ्याची जळमटं काढत होतो. मान पार आखडली. वैतागून विहिरीकडे निघालो, तर दोन पोफळींच्या मधे थेट जाळ्यात तोंड! मिशीत अडकलेला धागा उन्हात धरला, तर पिवळाधमक, सोन्याच्या तारेसारखा. जायंट वुड स्पायडर या कोळ्याची मादी. धड करंगळीएवढं, पाय पसरले की तळहातभर.

आंघोळ राहिली बाजूला, तिथेच बसकण मारली.

मी पाडलेलं भगदाड तिनं संध्याकाळी बुजवायला घेतलं. पोटात हे रेशीम पातळ असतं, बाहेर ओढलं की घट्ट होतं. आरे कोरडे. त्यांच्यावर आधी एक कोरडा फेरा, म्हणजे परांचीच समज, आणि मग तिच्या आधारानं चिकट धाग्याचे दाट फेरे. असं गोल जाळं विणणारे बाकीचे बहुतेक कोळी चिकट फेरे घालता घालताच परांची काढत जातात. ही बया तशीच ठेवते. स्वतः शक्यतो कोरड्यावरून चालते, म्हणून सहसा अडकत नाही.

डोळे आठ, पण नजर अधू. सगळी भिस्त पायाखालच्या धाग्यावर. मी वाळकी काडी लावून बघितली. धावत आली, पायानं चाचपली, आणि पुन्हा मध्यावर जाऊन बसली. मी दुसऱ्यांदा लावली तेव्हा हललीसुद्धा नाही! नवरा कोपऱ्यात, जेमतेम पाच-सहा मिलिमीटरचा. शिवाय चांदीच्या थेंबासारखे इवलेसे परके कोळी कडेकडेनं तिच्याच जाळ्यातली चिलटं चोरत होते. घरजावई आणि भुरटे चोर, सगळे एकाच छपराखाली.

पुष्कळ जातींची पिल्लं तर धागा सोडून हवेतून उडतात. १८३२ साली अर्जेंटिनाच्या किनाऱ्यापासून साठ मैलांवर डार्विनच्या जहाजाच्या दोरखंडांवर असे हजारो कोळी उतरले होते. नुसता वारा नव्हे, हवेतल्या विजेचा ताणही त्यांना उचलतो; ब्रिस्टलच्या शास्त्रज्ञांनी २०१८ साली वारा बंद केलेल्या पेटीत हे करून दाखवलं. मला हे भारीच वाटलं.

आज पहाटे बघितलं, भगदाड गायब. आता रहाटाकडे आम्ही वळसा घालून जातो. आई कुरकुरते, पण जाते. दिवाळीत येशील तेव्हा पोफळीतून वाकून ये, तू माझ्याहून वीतभर उंच आहेस.

तुझा,
बाळ्या